वाहून आणलेली माती

चामराजपेट, बंगळूर
८ जानेवारी १९६०

अण्णा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. चार वर्षांत तू एक ओळ पाठवली नाहीस, तेव्हा तीर्थरूपपण स्वल्प बाजूला ठेवलंय. 'माननीय' लिहिणार होते, पण तो मान तुला ऑफिसच्या टपालातून टाइप होऊन मिळतोच.

हे पत्र ऑफिसचं नाही. ऑफिसचं पाकीट याच आठवड्यात दिल्लीला तुझ्या टेबलावर येईल. त्यात प्रयोगशाळेच्या रकान्यात माझी सही असेल. ती बघून तू कपाळाला आठ्या घालशील आणि पाकीट तळाला सारशील, एवढं बहीण म्हणून मी तुला ओळखते. तसं करू नकोस, म्हणून हा खटाटोप.

देवनहळ्ळीच्या पलीकडे आलदकेरे म्हणून गाव आहे. मोठं तळं आणि तळ्याखाली उतारावर शेतं. आमच्या कृष्णमूर्तींना तिथं सर्वेक्षणात एक माती सापडली. वर हातभर काळसर, भुसभुशीत थर आणि त्याखाली एकदम लाल, खडेरी. आजूबाजूला सगळी नुसती लाल माती, आणि मध्येच ही. आपल्या यादीतल्या कुठल्याच मातीशी हिचं वर्णन जुळत नाही. नवी माती जिथं पहिल्यांदा नीट दिसली त्या गावाचं नाव तिला द्यायचं, हा आपला रिवाज. कृष्णमूर्तींनी कागदावर 'आलदकेरे' लिहूनही टाकलंय, पेढे वाटायचे तेवढे बाकी आहेत. पण ती खरोखर नवी, की जुन्याच एखाद्या मातीची भावकी, हे ठरवणारा तू.

एरवी मी यात पडले नसते. पण इथं असं ठरलंय की चौथ्या प्रतीच्या जमिनी नीलगिरीच्या लागवडीसाठी घ्यायच्या. यादी एप्रिलमध्ये जाईल. तू या मातीला नवी म्हणून मान्य केलंस तर आलदकेरेची शेतं दुसऱ्या प्रतीत बसतात आणि राहतात. जुन्या लाल खडेरी मातीत ढकललीस तर चौथी प्रत, आणि तिथं पुढच्या पावसाळ्यात नीलगिरीची रोपं.

मी स्वतः जाऊन आले. नमुन्यांचे आकडे चमत्कारिक वाटले म्हणून साहेबांनी जीपमधून पाठवलं. खड्डा गंगम्मा नावाच्या बाईच्या शेतात आहे. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेली. एकटी रागी आणि अवरे पिकवते. तिनं मला ओंजळभर अवरेच्या शेंगा दिल्या आणि मातीबद्दल विचारलं की फक्त मान हलवली. निघताना कृष्णमूर्ती खड्डा तसाच टाकून जीपमध्ये बसले. मी खालीच उभी राहिले. म्हटलं, खड्डा ज्यानं खणला त्यानंच बुजवायचा, गुरं पडतात. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं नाही.

बाकी कागद स्वच्छ आहेत. चाळणीवर काही विशेष उरलं नाही, नेहमीचे खडे. एवढ्यासाठी तू दिल्लीहून यावंस अशी काही गरज नाही.

आप्पाजी बरे आहेत. तू वडिलांचं विचारलेलं नाहीस, तरी सांगते.

कमला


४ फेब्रुवारी १९६०

अण्णा,

तुझं उत्तर मिळालं. 'संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक.' मी घरच्या कागदावर शाईनं लिहिते आणि तू मला क्रमांक देतोस. सरी, ठीक आहे. क्रमांकाला क्रमांकानं उत्तर ऑफिसमार्फत येईल. इथं बाकीचं लिहिते.

तू विचारलं आहेस की त्या भागातल्या लाल मातीत चुना नसतो, मग वरच्या थरावर आम्ल टाकल्यावर फसफस कशी झाली? आणि ती सगळीकडे सारखी होती, की ठिपक्याठिपक्यांनी?

हा दुसरा प्रश्न तू मुद्दाम विचारलास. मला कळत नाही असं समजू नकोस. मी उत्तर दिलंय की 'नोंद नाही'. तेवढंच दिलंय.

आणि शेवटी एक ओळ, की मार्चमध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात तू स्वतः खड्डा बघणार. अण्णा, देशभरची माती सोडून तुला हीच बघायची आहे का? आम्ही बघितली ती पुरेशी नाही? की मी बघितली म्हणून पुरेशी नाही?

एकदा सरळ बोलूनच टाकते. चार वर्षांपूर्वी तुझ्या साहेबांचा पुतण्या मला बघायला आला तेव्हा पोह्यांच्या बश्या हातात असताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'मला हे लग्न करायचं नाही.' तू मला आतल्या खोलीत ओढून नेलंस आणि म्हणालास, 'पत्रिका जुळत नाही म्हण, तब्येतीचं कारण सांग, काहीही खोटं सांग, पण माझा मान राख.' मी बाहेर येऊन तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाले. नको होतं ते नको म्हटलं. आज पुन्हा ती मंडळी आली तरी मी तेच म्हणेन. तुझी मान खाली गेली हे खरं, पण खोटं बोलायला मला नाही जमत, हे तुला लहानपणापासून माहीत होतं.

हे वाक्य मी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

आप्पाजी विचारत होते, विठू मार्चमध्ये येणार म्हणजे घरी उतरणार ना? मी म्हटलं, तो सरकारी माणूस, त्याला सरकारी खर्चानं हॉटेलात खोली असते.

कमला


२१ फेब्रुवारी १९६०

अण्णा,

फसफस ठिपक्याठिपक्यांनी होती.

तुला ते केव्हाच कळलंय, म्हणूनच तू येतो आहेस. पण तू ते खड्ड्यात शोधून काढण्याआधी मी सांगणार आहे.

वाळलेली ढेकळं फोडून मी चाळत होते. चाळणीखाली पडतं ती माती, वर उरतात ते खडे. वजन करून फेकायचे. आजवर किती फेकले असतील. त्या दिवशी फेकताना हात थांबला, कारण खड्यांत शंख होते. उडदाएवढे, पांढरे, पाण्यातल्या गोगलगायींचे. शेजारी खापराचा एक तुकडा. मी एका शंखावर आम्लाचा थेंब टाकला आणि तो फसफसून नाहीसा झाला. तो काळा थर तिथला नाहीच. तो तळ्याचा गाळ आहे. उन्हाळ्यात तळं आटलं की ही माणसं तळ उकरतात आणि गाळ शेतात नेऊन पसरतात. गोडू म्हणतात त्याला. पिढ्यान् पिढ्या वाहून वाहून हातभर थर झाला, आणि आम्ही शिकलेल्यांनी त्याला देवानं घडवलेली नवी माती समजून बारसं केलं.

मी कृष्णमूर्तींना शंख दाखवले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, 'कमलम्मा, चाळणीवरचं कधी कुणी लिहितं का? टाकून द्या.' त्यांची बढती या मातीवर आहे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण अण्णा, नुसतं तेवढंच नाही. ते म्हणाले, 'आपण गप्प बसलो तर माझी बढती होईल, हे सोडा. पण आपण बोललो तर ते गाव जाईल.' नियम तर तुमच्याच ऑफिसनं पाठवलेला आहे. माणसांनी टाकलेला भराव माती म्हणून धरू नये, त्याखालची मूळची माती लिहावी. मूळची लाल, खडेरी. चौथी प्रत.

मग मी बस पकडून एकटीच आलदकेरेला गेले. गंगम्मासमोर शंख ठेवले. ती म्हणाली, 'कोंबड्यांनी आणले असतील.' मी म्हटलं, हातभर खोल? तेव्हा ती खाली बसली आणि माझं मनगट धरलं. 'बेडा अक्का, लिहू नको. वाहून आणलेली माती सरकार धरत नाही, असं तुमच्याच शिपायानं सांगितलं. म्हणून गावात सगळ्यांनी ठरवलं, बोलायचं नाही. माझ्या सासूनं डोक्यावरून आणली. तिच्या डोक्यावरचे केस गेले होते टोपलीनं. आता ती माती मातीच नाही, असं मी कुणाला सांगू?'

मी तिला शब्द दिला नाही, पण ऑफिसात येऊन गप्प बसले. तुला ते पहिलं पत्र लिहिलं आणि त्यात चाळणीवर काही नव्हतं असं लिहिलं. नको असलेल्या नवऱ्याबद्दल खोटं बोलले नाही, आणि मातीबद्दल बोलले. शिवाय तुझ्याशी. झोप उडाली आहे माझी. हे लिहिल्यावर गावाची उडेल, हेही कळतंय.

पण मी नुसतं कबूल करायला बसलेली नाही, भांडायलाही बसले आहे. गेल्या दोन रविवारी शिपायाला घेऊन गेले आणि गिरमिटानं शेताशेतात भोकं पाडली. आकडे सोबत आहेत. तळ्याच्या बांधाजवळ थर सर्वांत जाड. जसजसं लांब जावं तसा पातळ, आणि माळावर काहीच नाही. बैल गाडी ओढून दमले तिथवर ही माती आहे. म्हणजे ती माणसांनी आणली यात शंकाच नाही. आता दुसरं बघ. ज्या शेतात अलीकडे गाळ टाकला तिथं काळं आणि लाल यांच्यामधली रेघ सुरीनं कापल्यासारखी आहे. आणि जुन्या शेतात, गंगम्माच्या, ती रेघ मला सापडलीच नाही. मुळं आणि गांडुळं दोन्ही बाजूंनी ये-जा करून बसली आहेत. नुसत्या लाल मातीच्या जवळजवळ दुप्पट पाणी ही माती धरते. काळी कुठं संपते आणि लाल कुठं सुरू होते, हे तू तरी दाखव. दाखवता आलं तर तिला भराव म्हण.

आणि अण्णा, आपण तरी कुठले इथले? तीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर वाहत आलो. आता घरात मराठी, दारात कन्नड, आणि भाजीवालीशी भांडताना दोन्ही. आपल्याला कुणी बंगळूरचा भराव म्हटलं तर तू ऐकून घेशील?

परसातल्या कढीलिंबाखाली खणून बघ. आई दर उन्हाळ्यात आपल्याकडून टोपल्या वाहून घ्यायची, आठवतं का? तळ्यापासून घरापर्यंत तू मोठी टोपली घ्यायचास आणि मला अर्धी द्यायचास. ती माती आपण तुझ्या नियमाप्रमाणे कशात लिहायची?

कमला


१५ मार्च १९६०

अण्णा,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर नाही. क्रमांकसुद्धा नाही. तुझा दौरा मात्र पक्का झाल्याची तार ऑफिसात आली.

मी साहेबांना शंखांचं सगळं लेखी दिलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'आता दिल्लीचे ठरवतील ते. पण हे तुम्ही दिलं नसतं तर मला नीट झोप लागली असती.' कृष्णमूर्ती माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या टेबलावरून जाताना दुसरीकडे बघतात.

गंगम्माला मीच जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग उठून आत गेली आणि दार लावलं. शेजारची बाई मला म्हणाली, 'बस कधी आहे तुमची?'

मला भीती वाटते आहे. तू मातीला माझ्यामुळे वाईट म्हणशील अशी नाही. तू तसा नाहीस, आणि हे लिहिताना मला राग येतोय. भीती अशी की नियम तुझ्या बाजूनं आहे आणि नियम बाजूनं असला की तू दुसरं काही ऐकत नाहीस. माझं काय व्हायचं ते होवो. खड्ड्यात उतरशील तेव्हा माझे आकडे खिशात असू देत, एवढंच मागते.

कमला


२५ मार्च १९६०

श्री. विठोजीराव,

काल तू मला सबंध दिवस 'मिस कमला' म्हणालास, तेव्हा मीही मान देते.

जीपमध्ये तू पुढे, मी मागे कुदळी-फावड्यांजवळ. देवनहळ्ळीपर्यंत तू साहेबांशी दिल्लीच्या थंडीबद्दल बोललास. मग कृष्णमूर्तींनी माती कुठली मानायची असं भीत भीत विचारलं, तर म्हणालास, 'भराव असेल तर भराव. नियम सगळ्यांना एकच.' माझ्या पायाखाली फावडं होतं. मी ते घट्ट धरून बसले.

आलदकेरेत सगळा गाव बांधावर जमला होता. तू बूट काढलेस, पॅंट वर दुमडलीस आणि बुजवलेला खड्डा स्वतः पुन्हा खणलास. शिपाई पुढे झाला तर त्याला हातानं थांबवलंस. उन्हाकडची भिंत तू सुरीनं अशी तासलीस की चार वर्षांचा राग असूनही मी बघत राहिले. बोटांनी माती मळून तिची वात काढलीस. भिंग लावलंस. आणि लगेच पहिला शंख काढून तळहातावर ठेवलास. माझ्याकडे बघितलं नाहीस.

मग वर न येताच, खड्ड्यातूनच, गंगम्माला कन्नडमध्ये विचारलंस, 'अम्मा, ही माती कुणाची?'

'माझी.'

'तसं नव्हे. आली कुठून?'

ती माझ्याकडे बघत होती. दार लावल्यापासून तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता कोंबड्या येतील. कृष्णमूर्ती आपल्या बुटांकडे बघत होते.

'केरेतून,' ती तळ्याकडे हात करून म्हणाली. 'आम्ही आणली. तुमच्यासारखी जीपमधून नाही, डोक्यावरून.'

एक म्हातारा तिला 'सुम्मने इरु', गप्प राहा, असं ओरडला. ती गप्प राहिली नाही.

'कधीपासून आणता?' तू विचारलंस.

'माझ्या सासूच्या सासूला विचारा.'

'आणि आणायची थांबवली तर?'

'तर पावसानं जाते खाली, परत केरेत. मग उन्हाळ्यात आम्ही परत आणतो. ती जाते, आम्ही आणतो. नम्म मण्णु. आमची माती आहे, जाईल कुठं?'

तू ते लिहून घेतलंस. मी बघितलं, कन्नडमध्येच लिहिलंस. मग गंगम्माच्या भिंतीवर काळं-लाल कुठं वेगळं होतं ते सुरीच्या टोकानं बराच वेळ शोधलंस. इथं एक टोचा, तिथं एक टोचा. सापडली का रेघ? मी विचारलं असतं, पण मी मिस कमला होते. शेवटी वर आलास, फावडं घेतलंस आणि खड्डा स्वतः बुजवलास. साहेब म्हणत राहिले, अहो राहू द्या. तू शेवटचं ढेकूळ पायानं दाबूनच थांबलास.

जीप देवनहळ्ळी सोडून शहरात शिरली तेव्हा तू मला चामराजपेटच्या कोपऱ्यावर उतरवलंस. घर तिथून दिसतं. म्हणालास, 'अहवाल मिळेल.' आणि हॉटेलकडे गेलास.

आप्पाजी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून दाराशी बसले होते. मी दोन भाज्या केल्या होत्या. त्यांना म्हटलं, कामात अडकला. ते म्हणाले, 'तो कामात चांगला आहे ना?' मी म्हटलं, हो. ते म्हणाले, 'मग झालं.' आणि सदरा काढून खुंटीला लावला.

आलदकेरेचं तू जे करायचं ते कर. पण हे तू वाईट केलंस. म्हाताऱ्या माणसाशी कुणी असं वागतं? मी जाताना पत्र टपालात टाकते आणि तुझ्या हॉटेलकडे थुंकायलासुद्धा येणार नाही.

कमला


२६ मार्च १९६०

अण्णा,

कालचं पत्र मी पेटीत टाकलं, ऑफिसला गेले, आणि संध्याकाळी घरी आले तर परसात खड्डा.

आप्पाजी सांगत होते आणि मध्येच हसत होते, मग डोळे पुसत होते. तू सकाळी, मी गेल्यावर, मागच्या दारानं आलास. पुढच्या दारानं यायला तुला काय झालं होतं? त्यांनी विचारलं, 'विठू, जेवतोस?' तू म्हणालास, 'पाणी द्या. आणि कुदळ कुठं आहे?' मग बूट काढून कढीलिंबाखाली खणायला लागलास. आप्पाजी पायरीवर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, 'काय शोधतोस?' तू म्हणालास, 'कमली म्हणते ते खरं का ते बघतोय.'

कमली म्हणालास. आप्पाजींनी ते मला तीनदा सांगितलं.

मी कंदील घेऊन खाली वाकून बघितलं. भिंत तासलेली. थर सुरू होतो आणि संपतो तिथं तू खिळे ठोकतोस, तसा वर एक ठोकलेला. पण खालचा खिळा कुठं ठोकायचा हे तुला कळलेलं दिसत नाही. तीन ठिकाणी भोकं आहेत आणि खिळा जमिनीवर पडलाय. कपडे धुवायच्या दगडावर तू शंख ओळीनं मांडून ठेवलेत. त्यांच्या शेवटी हिरव्या बांगडीचा एक तुकडा. तो आईचा आहे. टोपली डोक्यावरून उतरवताना तिच्या बांगड्या फुटायच्या आणि ती आपल्याला तिथं अनवाणी फिरू द्यायची नाही. मी तो उचलला नाही. तिथंच आहे.

आप्पाजी म्हणतात, तू बराच वेळ खड्ड्यात उभा होतास. मग घड्याळ बघितलंस, गाडीची वेळ झाली म्हणालास, त्यांच्या पाया पडलास आणि तसाच चिखलाच्या पायांनी बूट हातात घेऊन गेलास. भाजी शिळी होती ती डब्यातून मागून घेतलीस म्हणे.

कालच्या पत्रातलं थुंकण्याबद्दलचं वाक्य तेवढं परत घेते. बाकीचं राहू दे.

कमला


२० एप्रिल १९६०

ती. अण्णा,

अहवाल आला. साहेबांनी मला बोलावून स्वतः वाचून दाखवला, कृष्णमूर्तींना शेजारी उभं करून.

नाव आलदकेरे, कायम. 'कशापासून घडली' या रकान्यात तू लिहिलं आहेस, 'तळ्याचा गाळ, गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वाहून आणलेला व खालच्या लाल मातीत मिसळलेला. दोहोंमधील सीमा आढळली नाही.' त्या रकान्यात आजवर फक्त दगडांची नावं लिहिली जायची. साहेब दोनदा थांबले तिथं. दुसरी प्रत, जोवर दरवर्षी गाळ काढून शेतात टाकला जातो तोवर, आणि म्हणून तो काढायला गावाला आडकाठी करू नये, असंही लिहिलंस. नियमाविरुद्ध लिहिलंस, आणि खाली नियमाचा क्रमांकही घातलास, म्हणजे कुणी शोधत बसायला नको. वरून तुला काय ऐकावं लागेल ते मला कळतंय. तुझ्या साहेबांचा पुतण्या आता तिथंच बसतो ना? बरं झालं, त्याला माझ्या नावाचा राग काढायला दुसरं कारण मिळालं.

वीतभरही थर नाही ती माळाकडची शेतं तू सोडवली नाहीस. माझेच आकडे होते, तुला दोष देत नाही. तिथं नीलगिरी लागेल. त्यात गंगम्माचा एक वरचा तुकडा गेला. मी सांगायला गेले तर तिनं आधी त्या तुकड्यासाठी मला भरपूर ऐकवलं, मग आत जाऊन रागी मुद्दे, नाचणीचे गोळे, वाढून आणले आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली. तळं आटायला आलंय. बायका टोपल्यांना शेण लावून वाळत घालत होत्या. आता लपून आणायची नाही, म्हणून की काय, फार मोठ्यानं बोलत होत्या. कृष्णमूर्ती बरोबर आले होते. परतताना म्हणाले, 'तुमच्या अण्णांना माझा नमस्कार कळवा.' कळवला.

आता घरचं. परसातला खड्डा अजून तसाच आहे. मी त्याच्यावर जुनं दार टाकलंय, पण आप्पाजी पहाटे अंधारात मागं जातात आणि त्यांचा तोल आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. शेजारच्यांची वासरी एकदा पाय घालून बसली. शिपाई म्हणाला, अम्मा, मी बुजवून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही.

खड्डा ज्यानं खणला त्यानंच बुजवायचा. तुझाच नियम आहे, आणि तू तो कधी मोडलेला नाहीस. पुढच्या दारानं ये.

तुझी,
कमली